वजनकाट्यावर आलेला अहवाल: क्लाईनफेल्टर स्थितीचे एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या जनुकीय समुपदेशन कक्षात आलेल्या एका दांपत्याचे आहे. दोघांच्या लेखी संमतीने ते येथे मांडले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावे घातलेली नाहीत. पती, पत्नी आणि पतीची आई एवढ्याच ओळखीवर पुढचे सगळे वाचावे.

पार्श्वभूमी

पती ३१ वर्षांचे, दक्षिण महाराष्ट्रातील एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. पत्नी २६ वर्षांच्या, त्याच गावात अंगणवाडी सेविका. लग्नाला साडेचार वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. घरात पतीची आई, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी. धाकट्या जावेची कूस आधी उजवल्यामुळे बोट आपोआप थोरल्या सुनेकडे वळले होते. अंगणवाडीत गरोदर बायकांच्या ओटीभरणाचा कार्यक्रम असतो. नारळ, खण, तांदूळ मांडण्यापासून रजिस्टरमध्ये नोंद करण्यापर्यंत सगळे काम या बाईंचे. पण प्रत्यक्ष ओटी भरायची वेळ आली की गावातील कोणीतरी वडीलधारी बाई हलकेच ताट त्यांच्या हातातून काढून घेई. हे त्यांनी आम्हाला तिसऱ्या भेटीत सांगितले, तेही विषय दुसराच चालू असताना.

साडेचार वर्षांपैकी पहिली अडीच वर्षे तपासण्या केवळ पत्नीच्या झाल्या. सोनोग्राफी, बीजाची वाढ पाहण्यासाठी महिन्यातून चार-पाच खेपा, नळ्या मोकळ्या आहेत का यासाठी औषध सोडून काढलेला एक्स-रे, शेवटी भूल देऊन दुर्बिणीची तपासणी. सगळे अहवाल चांगले होते. तरीही सहा महिने बीज फुटण्याच्या गोळ्या दिल्या गेल्या. पतीच्या वीर्याची तपासणी तिसऱ्या वर्षी झाली, कारण तोवर ती कोणी मागितलीच नव्हती आणि घरातही "त्याला काय झालंय, चांगला सहा फुटी गडी हाय" हे उत्तर पुरेसे मानले जात होते.

अडचण कशी वाढत गेली

वीर्यतपासणीत शुक्रजंतू आढळले नाहीत. महिन्याभराने नमुना पुन्हा दिला; या वेळी तो यंत्रात फिरवून तळाचा साकाही पाहिला गेला, त्यातही काही नव्हते. मग तालुक्याच्या ठिकाणी हार्मोनच्या तपासण्या झाल्या. टेस्टोस्टेरॉन १६८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे प्रौढ पुरुषाच्या मानाने बरेच कमी. वृषणांना चालना देणारी दोन हार्मोन, एफएसएच ३८ आणि एलएच २२, म्हणजे दोन्ही खूप वाढलेली. या आकड्यांचा अर्थ सरळ होता. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी वृषणांना सतत हाका मारीत होती आणि वृषणांकडून पुरेसा प्रतिसाद येत नव्हता. बिघाड वृषणांत होता आणि तो का आहे हे शोधणे ही पुढची पायरी होती.

ती पायरी गाळली गेली. "हार्मोन कमी आहे, ते भरून काढू" असे सांगून दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचे २५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन सुरू झाले, आणि ते आठ महिने चालले. पतींना त्याचा गुण आला हे नमूद केले पाहिजे, कारण पुढचा मोठा पेच त्यातूनच निर्माण झाला. थकवा कमी झाला, दाढी भरू लागली, इच्छा वाढली, रात्रपाळीनंतर दिवसभर पडून राहणे थांबले. आता मूलही होईल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पीयूष ग्रंथी आपल्या हाका थांबवते, आणि त्या थांबल्या की वृषणांत जी थोडीफार शुक्रजंतूनिर्मिती चालू असेल तीही बंद पडू शकते. मूल हवे असलेल्या पुरुषाला हे इंजेक्शन देण्यापूर्वी "मूल हवे आहे का?" एवढे विचारणे आवश्यक असते. येथे तर ते दांपत्य मुलासाठीच गेले होते.

आठ महिन्यांनी शहरातील दुसऱ्या डॉक्टरांनी गुणसूत्रांची तपासणी लिहून दिली. हे रक्त हेपरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) असलेल्या नळीत घेतात. त्यातील पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ७२ तास वाढवतात, विभाजनाच्या ऐन मध्यावर त्यांना थांबवतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजतात. निरोगी पुरुषात ती ४६ असतात, त्यांत एक एक्स आणि एक वाय. या गृहस्थांच्या मोजलेल्या २० पैकी २० पेशींत ती ४७ होती: ४७, एक्सएक्सवाय, म्हणजेच क्लाईनफेल्टर स्थिती.

हा अहवाल त्यांना मोबाइलवर मिळाला. जानेवारी, गळीत हंगाम भरात, वेळ रात्री अडीचच्या सुमाराची. काट्याच्या केबिनबाहेर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. एक गाडी काट्यावरून उतरवून दुसरी चढेपर्यंतच्या वेळात त्यांनी ती फाइल उघडली, शेवटची ओळ वाचली आणि तीच अक्षरे इंटरनेटवर शोधली. सकाळी प्रयोगशाळेत फोन लावला तेव्हा पलीकडच्या व्यक्तीने सांगितले, "तुमच्यात बायकांचं एक गुणसूत्र जास्त आलंय." त्यानंतर १९ दिवस त्यांनी घरात कोणालाही काही सांगितले नाही. विसाव्या दिवशी ते एकटेच आमच्याकडे आले.

पहिली भेट

खुर्चीवर बसल्यावर त्यांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारले, "मॅडम, मी नक्की पुरुष हाय का न्हाई, तेवढं सांगा. बाकीचं नंतर."

येथे पहिला निर्णय घ्यायचा होता. आमची नेहमीची पद्धत आधी कुटुंबाची वंशावळ काढण्याची आहे. आजार, मृत्यू, गर्भपात, नात्यातील लग्ने असे सगळे लिहून घेतल्याशिवाय निदानावर बोलायचे नाही. ती पद्धत आम्ही त्या दिवशी बाजूला ठेवली. जो माणूस १९ दिवस हा एकच प्रश्न उराशी धरून होता, त्याला आधी आजोबांच्या मधुमेहाबद्दल विचारणे क्रूरपणाचे झाले असते.

उत्तर दिले ते असे. तुम्ही पुरुष आहात, यात शंका नाही. गर्भात वृषण घडवण्याची सूचना वाय गुणसूत्रावरील एका जनुकात असते. तुमच्याकडे वाय आहे आणि त्याने ते काम केले आहे. एक्स हे बायकांचे गुणसूत्र नाही. प्रत्येक पुरुषात एक एक्स असते आणि ते त्याला आईकडून मिळते. तुमच्या भावात आहे, तुमच्या वडिलांत होते. तुमच्यात त्याची एक प्रत जादा आली, इतकेच. त्या जादा प्रतीचा बराचसा भाग शरीर स्वतःच निष्क्रिय करते. काही जनुके मात्र चालू राहतात, आणि तुमची उंची, लांब पाय, वृषणांचा लहान आकार यांचा संबंध तेथे लागतो.

मग केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली. बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्यांची वाटणी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक येते. कधी एखादी जोडी फुटत नाही आणि दोन्ही एकाच वाट्याला जातात. हे आईकडच्या वाटणीत घडू शकते तसेच वडिलांकडच्याही. साधारण निम्म्या प्रकरणांत ते वडिलांकडून आलेले असते. खाणेपिणे, काम, चालचलणूक यांच्याशी त्याचा संबंध नाही आणि ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत येणारेही नाही. म्हणून भावाची तपासणी करण्याचे कारण नव्हते.

ही स्थिती दुर्मीळ नाही हे सांगणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. साधारण ५०० ते १,००० मुलग्यांमागे एकात ती आढळते. म्हणजे एखाद्या तालुक्यात असे कित्येक पुरुष असतील. १९४२ मध्ये बॉस्टनमध्ये हॅरी क्लाईनफेल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ रुग्णांवरून या लक्षणसमूहाचे वर्णन केले. त्यामागे जादा एक्स आहे हे १९५९ मध्ये एडिनबरोच्या पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांनी दाखवले. डेन्मार्कमधील नोंदींच्या अभ्यासानुसार अशा पुरुषांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाचे निदान आयुष्यात कधीतरी होते. बाकीचे तसेच जगतात. काहींना काही जाणवत नाही, काहींना नाव नसलेला त्रास होत राहतो.

या गृहस्थांना होणाऱ्या त्रासालाही इतकी वर्षे नाव नव्हते. वंशावळीऐवजी त्यांनीच बोलायला सुरुवात केली, तेव्हा एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. बोलायला उशिरा लागले. आकडे पटकन यायचे, पण धडा मोठ्याने वाचायला उभे केले की अक्षरे अडायची आणि मास्तर आळशी म्हणायचे. इंग्रजीत दहावीला एकदा नापास. तेराव्या-चौदाव्या वर्षी छाती वाढली. विहिरीवर पोहायला गेल्यावर पोरांनी चिडवले, त्यानंतर ते विहिरीत कधी उतरले नाहीत. आजही मे महिन्यात शर्टाखाली जाड बनियन असतेच. पंधराव्या वर्षी वडिलांनी छातीसाठी डॉक्टरांकडे नेले होते. "वयात येताना होतं असं" म्हणून परत पाठवले. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरेच असते. परंतु वृषणे तपासली असती तर त्याच दिवशी शंका आली असती.

त्यांच्या वृषणांची तपासणी आमच्या संप्रेरकतज्ज्ञांनी त्या भेटीत केली. त्यासाठी दोरीत ओवलेल्या वाढत्या आकाराच्या मण्यांची माळ असते. १ मिलिलिटरपासून २५ मिलिलिटरपर्यंतचे मणी हाताने चाचपून तुलना करायची. प्रौढ पुरुषात सहसा १५ ते २५ चा मणी जुळतो. येथे दोन्ही बाजूंना ३ चा जुळला, आणि वृषणे स्पर्शाला टणक होती. साडेचार वर्षांत, आठ महिन्यांच्या इंजेक्शनांत, सहा वेगवेगळ्या दवाखान्यांत ही दोन मिनिटांची तपासणी पहिल्यांदाच झाली.

पत्नीला कधी सांगायचे

दुसरा निर्णय अधिक अवघड होता. पत्नींना अहवालाची कल्पना नव्हती, आणि दुसरीकडे त्यांच्या टेस्ट ट्यूबच्या उपचारांची तारीख ठरत होती. पुढच्या महिन्यात इंजेक्शने सुरू होणार होती. पती म्हणत होते, "इतक्यात नको, ती माहेरी निघून जाईल."

अहवाल पतींचा होता, तो सांगण्याचा अधिकार त्यांचाच. पण त्याच माहितीअभावी दुसऱ्या माणसाच्या शरीरावर उपचार होणार असतील तर आम्हाला गप्प राहता येत नाही. आम्ही त्यांना सांगितले की आम्ही परस्पर काही कळवणार नाही, मात्र पत्नींचे पहिले इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी त्यांना कळले पाहिजे. हवे असल्यास आमच्यासमोर बोला. त्यांनी वेगळा मार्ग निवडला. एका दुपारी अंगणवाडीतील मुले घरी गेल्यावर ते तेथे गेले आणि केसपेपरमागची ती आकृती पत्नींसमोर ठेवून, आम्ही सांगितले तसे, बोट फिरवत समजावून दिले. पत्नींचे पहिले वाक्य होते, "म्हणजे माझ्यात काहीच नव्हतं?" पुढचे दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच आमचा नंबर मागून घेतला.

पर्याय

तिसऱ्या भेटीला दोघे आले. टेबलावर दोन प्रश्न होते आणि ते एकमेकांत अडकले होते: मूल, आणि पतीची स्वतःची तब्येत.

मुलाच्या बाजूने पहिला पर्याय होता सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून शुक्रजंतू शोधण्याच्या शस्त्रक्रियेचा, ज्याला मायक्रो-टेसे म्हणतात. वीर्यात शुक्रजंतू नसले तरी वृषणात कुठेतरी एखाद्या नलिकेत ते तयार होत असू शकतात. शल्यविशारद फुगीर, अपारदर्शक नलिका निवडून काढतो आणि शेजारी बसलेला भ्रूणतज्ज्ञ त्या तत्काळ तपासतो. हे तंत्र १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अनुभवी केंद्रांत क्लाईनफेल्टर असलेल्या पुरुषांपैकी ४० ते ५० टक्क्यांत शुक्रजंतू मिळाल्याचे सांगितले जाते. शुक्रजंतू मिळणे म्हणजे मूल होणे नव्हे, हे आम्ही दोनदा सांगितले. मिळाले तर पुढे टेस्ट ट्यूबचे उपचार, आणि त्यातून जन्मणाऱ्या बहुसंख्य मुलांची गुणसूत्रे सामान्य असतात.

या पर्यायाची अट कठीण होती: टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन बंद करून किमान सहा महिने थांबायचे. पहिल्या भेटीत ती सांगितली तेव्हाच पती चटकन म्हणाले होते, "म्हणजे परत पहिल्यासारखं पडून राहायचं." ज्या औषधाने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा अंगात जोर जाणवला, तेच सोडायला आम्ही सांगत होतो.

दुसरा पर्याय दात्याच्या शुक्रजंतूंचा. येथे घरातून आलेली एक सूचनाही विचारात घ्यावी लागली. पतीच्या मावशीने "भावाचंच घ्या, रक्त तर आपलंच" असे सुचवले होते. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दात्याचे शुक्रजंतू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात, हे आम्ही स्पष्ट केले. त्यावर पत्नींनी सुटकेचा श्वास सोडलेला आम्हाला दिसला. या पद्धतीने जन्मलेले मूल कायद्याने दांपत्याचेच असते.

तिसरा पर्याय दत्तक घेण्याचा, चौथा मूल न होण्याचा. चौथ्या पर्यायाचा उच्चार आम्ही मुद्दाम करतो. त्याचे नाव कोणी घेत नाही म्हणून अनेक जोडपी त्याचा विचारही न करता वर्षानुवर्षे उपचार घेत राहतात.

पतीच्या तब्येतीसाठी टेस्टोस्टेरॉन लागणार हे नक्की होते. ते कधी सुरू करायचे एवढाच प्रश्न. या स्थितीत हाडे ठिसूळ होणे, पोटाभोवती चरबी, मधुमेह, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो, मात्र एकूण प्रमाण कमीच राहते.

काय केले

आधी दोन तपासण्या पूर्ण केल्या. प्रयोगशाळेने राखून ठेवलेल्या काचपट्ट्यांवर आणखी ३० पेशी मोजायला सांगितल्या, कारण काही पुरुषांत काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या असतात आणि तसे असल्यास शक्यता थोडी बदलते. सगळ्या ५० पेशी ४७ च्याच निघाल्या. वाय गुणसूत्रावरील शुक्रजंतूनिर्मितीचे भाग गळालेले नाहीत हेही पाहून घेतले.

दांपत्याने शस्त्रक्रिया निवडली. फेब्रुवारीत इंजेक्शन बंद झाले. दोन महिन्यांनंतर शरीरातील टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये होणारे रूपांतर रोखणारी गोळी सुरू केली. टेस्टोस्टेरॉनची पातळी १५१ वरून २६२ पर्यंत आली, पण मधले महिने वाईट गेले. एप्रिलमध्ये पत्नींचा फोन आला की हे जेवत नाहीत, उन्हातही पांघरूण घेऊन झोपतात आणि कामावर दोन वेळा वजनाची नोंद चुकली. आम्ही मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली. ती इंजेक्शन बंद करण्याआधीच ठरवायला हवी होती.

शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एक निवड होती. पत्नींचे बीजांड त्याच दिवशी काढायचे आणि शुक्रजंतू मिळताच ताजे वापरायचे, की आधी केवळ शोध घ्यायचा आणि मिळाले तर गोठवून ठेवायचे? ताजे वापरण्याकडे काही केंद्रांचा कल असतो, कारण इतके थोडे शुक्रजंतू गोठवून वितळवताना काही नष्ट होतात. परंतु काहीच मिळाले नाही तर पत्नींची महिन्याभराची इंजेक्शने आणि भूल वाया जाणार होती, आणि त्यांच्या वाट्याला असे वाया जाणे पुरेसे येऊन गेले होते. पती म्हणाले, "आधी माझंच होऊ द्या. तिला आता सुई नको." आम्हाला हा निर्णय योग्य वाटला.

शस्त्रक्रिया सप्टेंबरमध्ये झाली, हंगाम सुरू होण्यापूर्वी. तीन तास चाळीस मिनिटे दोन्ही बाजूंना शोध घेतला. शुक्रजंतू मिळाले नाहीत.

निष्पत्ती

ते मिळणार नाहीत ही शक्यता आधीच स्पष्ट सांगितलेली होती, तरी सांगितलेले असणे आणि घडणे यांत अंतर असते. वॉर्डात भेटायला गेलो तेव्हा पती भिंतीकडे तोंड करून होते. पत्नी पायथ्याशी बसून संत्रे सोलत होत्या आणि एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होत्या. ते खात नव्हते, त्या ठेवत राहिल्या.

महिन्याभराने दोघे आले तेव्हा पती आल्या आल्या म्हणाले की दात्याचे चालेल, लवकरात लवकर करू. उत्तर इतक्या लवकर आले याचीच आम्हाला काळजी वाटली आणि आम्ही दोघांशी वेगवेगळे बोलायचे ठरवले. एकटे असताना पती म्हणाले की, नाही म्हटले तर ही राहील कशाला? पत्नी एकट्या असताना म्हणाल्या की त्यांना मूल हवे आहे, पण पोट दाखवून गावाला गप्प करण्यासाठी नको. आणि नवरा होकार देतोय तो भीतीने, हे त्यांना समजते. पुढच्या भेटीत त्यांनी हे एकमेकांसमोर स्वतः मांडले. चार महिने काहीही न ठरवण्याचे ठरले. त्यानंतर त्यांनी दत्तकासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे नोंदणी केली.

टेस्टोस्टेरॉन पुन्हा सुरू केले, या वेळी १,००० मिलिग्रॅमचे दीर्घ मुदतीचे इंजेक्शन. दुसरा डोस सहा आठवड्यांनी आणि पुढचे बारा आठवड्यांनी. त्यासोबत रक्तातील लाल पेशींचे प्रमाण पाहावे लागते, कारण ते ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवावे लागते. त्यांचे सध्या ४९ आहे. हाडांच्या घनतेच्या तपासणीत मणक्यात झीज दिसली. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आहार आणि चालणे सुरू आहे. छातीसाठी शस्त्रक्रिया होऊ शकते हे सांगितले. त्यांनी अजून ठरवलेले नाही.

पतीच्या आईला किती सांगायचे हेही दोघांनी मिळून ठरवले आणि त्या एकदा सोबत आल्या. त्यांचा प्रश्न एकच होता: पोटुशी असताना ग्रहणात आपण विळीला हात लावला होता, त्याने तर झाले नाही ना? ही वाटणी गर्भ राहण्याच्या क्षणापर्यंत होऊन गेलेली असते आणि ती वडिलांकडचीही असू शकते, हे आम्ही त्यांना समजावले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर घरात नवसाचा विषय निघाला नाही, असे पत्नींनी पुढे सांगितले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधीची संधी पंधराव्या वर्षाची होती. तेव्हा निदान झाले असते तर वाचनासाठी मदत, वेळेवर हार्मोन, मजबूत हाडे आणि विहिरीत उतरण्याची मोकळीक मिळाली असती. शुक्रजंतूंची शक्यता त्या वयात वाढली असती का, याविषयी ठामपणे काही म्हणता येणार नाही. पण स्वतःबद्दल माहीत असलेला माणूस लग्नापूर्वी होणाऱ्या पत्नीशी बोलू शकला असता.

दुसरी संधी लग्नानंतरच्या पहिल्याच तपासणीची. वीर्यतपासणीला भूल लागत नाही, सुई लागत नाही. ती पहिल्या आठवड्यात होण्याऐवजी तिसऱ्या वर्षी झाली आणि मधल्या काळात एका निरोगी स्त्रीच्या पोटात दुर्बीण घातली गेली. या मुद्द्यावर आम्ही सौम्य शब्द वापरू इच्छित नाही.

तिसरी, इंजेक्शनपूर्वीची. एफएसएच ३८ दिसत असताना गुणसूत्रांची तपासणी आधी आणि टेस्टोस्टेरॉन नंतर, हा क्रम असायला हवा होता. आठ महिन्यांच्या इंजेक्शनांमुळे शस्त्रक्रिया अपयशी ठरली असे आम्ही म्हणत नाही. ती इंजेक्शने झाली नसती तरी निकाल कदाचित हाच लागला असता. मात्र वर्षभराचा काळ वाचला असता, आणि "ती घेतली नसती तर?" हा प्रश्न पतींच्या मनात राहिला नसता.

चौथी, अहवाल पोहोचवण्याची. गुणसूत्रांचा अहवाल रात्री अडीच वाजता मोबाइलवर जाऊ नये.

आमच्याही चुका आहेत. इंजेक्शन बंद करण्याविषयी आम्ही पहिल्या दोन भेटींत पतींशी एकट्याने बोललो; ते महिने पत्नींनाही निभवायचे होते, तेव्हा त्यांचे मत त्या चर्चेत असायला हवे होते. हाडांची तपासणी शस्त्रक्रियेनंतर केली, ती आधी करायला हवी होती: मणक्याची झीज माहीत असती तर टेस्टोस्टेरॉनविना सात महिने काढावेत का, याचा तोल वेगळ्या रीतीने पाहिला असता. आणि ते इतक्या खोल उदासीत जातील याचा अंदाज आम्हाला यायला हवा होता, कारण पहिल्याच भेटीत त्यांनी "परत पडून राहायचं" हे शब्द उच्चारले होते आणि आम्ही ते लिहूनही घेतले होते.

लिहितेवेळची स्थिती

गृहभेटीसाठी समाजसेविका येऊन गेल्या आहेत. दत्तकासाठी दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रे लागतात, आणि गंभीर किंवा दीर्घकालीन आजार नसल्याचे त्यात नमूद करावे लागते. पतींनी विचारले की या स्थितीचा उल्लेख टाळता येईल का. नाव वाचून कोणी वेगळाच अर्थ काढला तर? पत्नींचे म्हणणे होते की आता लपवायचे नाही. आम्ही आपसात बराच वेळ चर्चा केली आणि संप्रेरकतज्ज्ञांनी प्रमाणपत्रावर स्थितीचे नाव, चालू औषध आणि तपासण्यांचे आकडे लिहून खाली एक ओळ जोडली: सदर व्यक्ती नियमित उपचार घेत असून अपत्याचे संगोपन करण्यास पूर्णपणे सक्षम आहे. पतींनी ती ओळ वाचली, बाहेर पत्नींकडे गेले, तिथेच उभे राहून त्यांना ती सावकाश वाचून दाखवली, आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख हंगामात येते म्हणून रात्रपाळी बदलून घ्यावी लागेल, असे सांगायला परत आत आले.